समुद्रात बोट उडवल्याची बातमी कशी वाचावी

उभी नोकरी कस्टम्सच्या प्रिव्हेंटिव्हमध्ये, म्हणजे तस्करी रोखणाऱ्या शाखेत गेली, त्यामुळे तस्करांचा मला कळवळा नाही. पण २ सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेने ड्रग्ज नेत असल्याचं सांगून कॅरिबियन समुद्रात बोट उडवून ११ माणसं मारली, तेव्हापासून भाऊच्या धक्क्यावर कुणी "बरं झालं, गर्दुल्ल्यांचे सप्लायर गेले" म्हणालं की मी विचारतो, पंचनामा कुठाय?

तिथूनच सुरुवात करा. आमच्याकडे माल सापडला की लाँचच्या डेकवर, वाऱ्याने उडू नये म्हणून कागद तळहाताखाली दाबून, दोन पंचांसमोर नग मोजायचे, वजन करायचं, लाखेचं सील मारायचं. एक सही राहिली तरी कोर्टात वकील सालटी काढायचा. बोटच उडवली की माल बुडाला, साक्षीदारही बुडाले. उरते ती मारणाऱ्याने दिलेली क्लिप. ती कुठे तोडलीय ते बघा.

मग बघा, थांबवायचा प्रयत्न झाला का. आधी इशारा, मग बोटीच्या पुढ्यात गोळी; जीव घेणं अगदी शेवटी. समुद्र कायद्याच्या हॅम्बुर्गमधल्या न्यायाधिकरणाने १९९९ साली 'सायगा' जहाजाच्या निकालात हेच सांगितलंय. अमेरिकेचं स्वतःचं कोस्ट गार्ड तर हेलिकॉप्टरमधून आउटबोर्ड इंजिनावर नेम धरून बोटी थांबवतं.

'हे युद्ध आहे' असं उत्तर आलं, तर दुसऱ्या माऱ्यापाशी थांबा. २ सप्टेंबरच्या त्या बोटीच्या अवशेषांवर पहिल्या माऱ्यानंतर दोघे जिवंत होते. पुन्हा मारा झाला, तेही गेले. युद्ध मानलं तरी १९४९ च्या दुसऱ्या जिनिव्हा कराराने जहाज फुटून पाण्यात पडलेल्याला संरक्षण आहे. अशांवर गोळीबाराचा हुकूम उघड बेकायदा, असं अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्याच युद्धकायदा पुस्तिकेत छापलंय. १९१८ मध्ये जर्मन पाणबुडीने 'लँडोव्हरी कॅसल' हे इस्पितळ-जहाज बुडवून वाचलेल्यांच्या होड्यांवर गोळे डागले. १९२१ ला लाइपझिगच्या जर्मन कोर्टानेच दोन अधिकाऱ्यांना चार-चार वर्षं ठोठावली. 'वरून हुकूम होता' हे चाललं नाही. (दोघेही पुढे तुरुंगातून पळाले, ती गोष्ट वेगळी.)

शेवटी माणसं शोधा. हुकूम कुणी दिला, त्याला कायदेशीर मत कुणी लिहून दिलं, बटण कुणी दाबलं? चौकशी त्यांच्याच साखळीतला वरिष्ठ करत असेल, तर अख्खा व्हिडिओ बाहेरच्या कुणी पाहिला का ते तपासा. डिसेंबर २०२५ मध्ये काही अमेरिकन खासदारांना तो दाखवला, पण बंद दाराआड.