जुन्या सुपरहिरो कॉमिक्सची कोणती पुनर्मुद्रित आवृत्ती घ्यावी?

‘द इन्क्रेडिबल हल्क’चा पहिला अंक मे १९६२ मध्ये निघाला, तेव्हा हल्क राखाडी रंगाचा होता. त्या काळच्या छपाईत ती राखाडी छटा पानोपानी सारखी उमटेना, म्हणून दुसऱ्या अंकापासून त्याला हिरवा रंग दिला गेला. आणि पुढची सुमारे वीस वर्षे पहिल्या अंकाची कथा पुन्हा छापतानाही तो हिरवाच रंगवला जात राहिला. त्या पुनर्मुद्रणांवरून वाचणाऱ्याला मूळ अंकात काय छापले होते, हे कळायला काही मार्गच नव्हता. आवृत्ती निवडताना मी हे उदाहरण कायम डोळ्यांपुढे ठेवतो. पुनर्मुद्रण म्हणजे मूळ अंकाची निव्वळ नक्कल नव्हे. रंग कोणते, कागद कोणता, काय ठेवायचे आणि काय गाळायचे, याविषयी कोणीतरी घेतलेले निर्णय त्यात असतात आणि ते निर्णय आपल्याला पटतात का, हे पाहूनच पुस्तक घ्यावे.

सर्वांत आधी रंग पाहावेत, कारण सर्वाधिक फरक तिथेच पडतो. जुन्या कॉमिक्समध्ये काळ्या रेषेखेरीज निळसर, किरमिजी आणि पिवळी अशा तीन शाया असत आणि प्रत्येक शाई पाव, निम्मी किंवा पूर्ण अशा तीनच प्रमाणांत वापरली जाई. शाई अजिबात न वापरण्याचा पर्याय धरला, तर सगळे मिळून ६४ रंग होत. हलक्या छटा बारीक ठिपक्यांनी साधल्या जात. हे सारे छापले जाई स्वस्त वृत्तपत्री कागदावर, जो शाई शोषून घेई आणि स्वतःच्या पिवळटपणाने भडक रंगही थोडे निववी. रंगकार हा परिणाम गृहीत धरूनच रंग ठरवत असत. तेच रंग त्याच प्रमाणात पांढऱ्याशुभ्र, चकचकीत कागदावर छापले की लाल आणि पिवळा डोळ्यांना टोचू लागतात आणि रात्रीचे आकाश प्लास्टिकसारखे दिसते. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, एकाच मजकुराच्या दोन आवृत्त्या समोर असतील आणि त्यांतली एक चमक नसलेल्या कागदावर असेल, तर तीच घ्यावी. लेखक-चित्रकार जॅक कर्बीच्या ‘फोर्थ वर्ल्ड’ या कथामालेचे २००७ पासून निघालेले चार खंड अशा खरबरीत कागदावर छापले आहेत आणि कर्बीचे रंग तिथे जितके स्वाभाविक वाटतात, तितके गुळगुळीत कागदावर क्वचितच वाटतात.

रंग मूळ अंकाबरहुकूम आहेत की नव्याने दिलेले आहेत, हा वेगळा प्रश्न आहे. ‘द किलिंग जोक’ हे बॅटमॅनचे पुस्तक १९८८ मध्ये आले तेव्हा त्याचे रंग जॉन हिगिन्स यांचे होते. २००८ च्या आवृत्तीत चित्रकार ब्रायन बोलंड यांनी ते स्वतः पुन्हा रंगवले आणि जर्द, झगझगीत पानांच्या जागी थंड, संयत पाने आली. नील ॲडम्स यांनीही आपल्या बॅटमॅन कथांच्या २००३ पासूनच्या संग्रहांत रंग तर बदललेच, शिवाय काही चित्रांवर नव्याने हातही फिरवला. चित्रकाराला आपल्या कामाकडे परत वळण्याचा पूर्ण अधिकार आहे. तरीही ज्याला १९७० च्या सुमाराचा बॅटमॅन त्या काळच्या वाचकाला कसा दिसला हे जाणून घ्यायचे आहे, त्याने पहिली निवड म्हणून ही आवृत्ती घेऊ नये. मूळ रंगांची प्रत वाचून झाल्यावर ती शेजारी ठेवून पाहावी, म्हणजे दोन्हींचा आनंद मिळतो.

रेषेची पारख करायची असेल, तर चित्रकार स्टीव्ह डिटको यांच्या स्पायडरमॅनचा मुखवटा जवळून पाहावा. मुखवट्यावरच्या जाळ्याच्या रेषा नाकाच्या मध्यापासून पसरत कडेला जातात आणि कडेजवळ दाट होतात. चांगल्या पुनर्मुद्रणात तिथली प्रत्येक रेषा सुटी दिसते. वाईट पुनर्मुद्रणात त्या एकमेकींत मिसळून काळा डाग होतो किंवा मधेच तुटतात. यामागचे कारण असे की, कित्येक जुन्या अंकांच्या छपाईसाठी केलेल्या फिल्म उरल्याच नव्हत्या. मग छापील अंकाचे रंग रसायनाने उडवून फक्त काळी रेषा शिल्लक ठेवायची आणि तिच्यावर पुन्हा रंग चढवायचे, अशी पद्धत ग्रेग थीकस्टन यांनी रूढ केली आणि १९८९ मध्ये सुरू झालेल्या बॅटमॅनचे प्रकाशक असलेल्या डीसीच्या आर्काइव्ह मालिकेत ती वापरली गेली. याउलट टाशेन या प्रकाशनाने २०२१ पासून मार्व्हल या स्पायडरमॅनच्या प्रकाशनसंस्थेचे जुने अंक जसेच्या तसे टिपून मोठ्या आकारात छापले, त्यामुळे तिथे ठिपकेही दिसतात आणि रंगाची रेषेबाहेर सरकलेली कडही दिसते. मला ही पाने फार प्रिय आहेत, मात्र ती टेबलावर उघडून पाहण्याची आहेत.

आता एकच मजकूर किती रूपांत मिळतो ते पाहू. डिटको यांनी ‘द अमेझिंग स्पायडरमॅन’च्या ३८ अंकांची चित्रे काढली. मार्व्हल मास्टरवर्क्स ही मालिका १९८७ पासूनची आहे. तिच्या एका पुठ्ठाबांधणीच्या खंडात साधारण दहा अंक असतात. ऑम्निबस या जाडजूड संग्रहाच्या पहिल्या खंडात हे सगळे ३८ अंक वार्षिक विशेषांकांसह एकत्र आहेत आणि वाचकांची पत्रेही आहेत. ती पत्रे वाचण्यासाठी मी जास्तीचा खर्च आनंदाने करीन, पण हजारभर पानांचे ते पुस्तक हातात धरून, पडल्या पडल्या वाचता येत नाही. २०१३ पासूनचे एपिक कलेक्शन सुमारे ५०० पानांचे, रंगीत आणि साध्या बांधणीचे आहे, आणि ज्याला मुख्यतः वाचायचे आहे त्याला मी नि:शंकपणे तेच सुचवतो. डीसीकडे २०२४ पासून ‘डीसी फायनेस्ट’ ही त्याच धर्तीची मालिका आहे. १९९६ पासूनची एसेन्शियल आणि २००५ पासूनची शोकेस प्रेझेंट्स ही कृष्णधवल पुस्तके आता जुनी मिळाली तरच मिळतात; चित्रकला शिकणाऱ्याला रेषा अभ्यासण्यासाठी ती उत्तम, पण कर्बींच्या छायाचित्र-कोलाजांचा त्यांत चिखल होतो.

मुखपृष्ठावरच्या खंडक्रमांकावर विसंबू नये. आत कोणते अंक आहेत तेच तपासावे. एपिक कलेक्शनचे खंड क्रमाने निघत नाहीत, त्यामुळे पाचवा हाती येतो आणि दुसरा अजून आलेलाच नसतो. ‘एक्स-मेन’च्या ६७ ते ९३ या अंकांत जुन्याच कथा पुन्हा छापल्या होत्या, त्यामुळे ६६ नंतर थेट ९४ आला तर पाने गहाळ झाली असे समजू नये. १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लासिक एक्स-मेन’मध्ये मात्र जुन्या कथांत नवी पाने घातली आहेत, हे ठाऊक नसेल तर तीच मूळ कथा समजण्याची चूक होते. ‘फोर्थ वर्ल्ड’ची चार शीर्षके, म्हणजे चार स्वतंत्र नावांच्या मालिका, वेगवेगळ्या खंडांत वाचायची की प्रकाशनाच्या क्रमाने गुंफलेली, हेही आधी ठरवावे, मी गुंफलेल्या क्रमाच्या बाजूचा आहे, कारण कर्बीने ती महिन्यामागून महिना अशीच रचली.

दुकानात पुस्तक हाती आले तर ते बरोबर मध्यावर उघडावे. शिवलेल्या बांधणीचे जाड पुस्तक पसरून पडते; नुसत्या डिंकाने चिकटवलेले पुस्तक मिटू पाहते आणि दोन पानांवर पसरलेल्या चित्राचा मधला पट्टा घडीत गडप होतो. एखाद्या पानाच्या आतल्या कडेचा संवादफुगा मान तिरकी करूनच वाचावा लागत असेल, तर ते पुस्तक परत ठेवावे.

एखादाच अंक जिवाभावाचा असेल, तर मात्र मोठ्या संग्रहाच्या वाटेला न जाता त्याची जाहिरातींसकट छापलेली फॅक्सिमिली प्रत शोधावी. त्या अंकातली कथा जाहिरातींच्या पानांनी तुटत तुटत वाचली जाई. संग्रहात ती पाने काढून टाकल्यावर समोरासमोर येणाऱ्या पानांच्या जोड्याच बदलतात, आणि पान उलटल्यावर अचानक समोर यावा असा प्रसंग कधी कधी आधीच शेजारच्या पानावर दिसून जातो.