एपीआय ४०१ देतोय? पोस्टमनमधून नेमकं कारण असं शोधा

एपीआय म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याकडे माहिती किंवा काम मागायचा रस्ता, आणि पोस्टमन म्हणजे त्याला हाताने रिक्वेस्ट पाठवून बघायचं अॅप. काल नीट चालणारी रिक्वेस्ट आज ४०१ हा एरर कोड द्यायला लागली की बहुतेक जण आधी नवीन टोकन (सर्व्हरला आपली ओळख पटवणारी अक्षरांची लांबलचक किल्ली) बनवतात. कधीकधी त्याने भागतंही, पण चूक कुठे होती ते कळतच नाही आणि आठवड्याने परत तेच सुरू. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, टोकनला हात लावायच्या आधी आपली रिक्वेस्ट खरंच काय घेऊन बाहेर पडली ते डोळ्यांनी बघा.

पहिलं, स्टेटस कोड नीट वाचा. ४०१ चं नाव अनऑथराइज्ड असलं तरी त्याचा अर्थ सर्व्हरने तुम्हाला ओळखलंच नाही असा आहे, आणि ४०३ म्हणजे साधारणपणे ओळखलं पण या कामाची परवानगी नाही. त्यामुळे ४०३ आल्यावर पासवर्ड परत परत टाकण्यात काही अर्थ नाही, तिथे स्कोप किंवा रोल, म्हणजे टोकनला किंवा युजरला दिलेले हक्क, तपासायचे. काही ठिकाणी ४०४ (सापडलं नाही) सुद्धा परवानगीचाच प्रॉब्लेम असतो, उदाहरणार्थ कोड ठेवायची साइट गिटहब, प्रायव्हेट रिपॉझिटरी (खाजगी कोडचा साठा) आहे हेच कळू नये म्हणून ४०४ देतं. मग रिस्पॉन्सच्या हेडर्समध्ये (उत्तरासोबत येणाऱ्या माहितीच्या ओळींमध्ये) डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-ऑथेंटिकेट शोधा. ४०१ सोबत हा हेडर पाठवणं एचटीटीपीच्या नियमानुसार बंधनकारक आहे, सगळे पाळत नाहीत, पण असला तर टोकन चुकीचं आहे की एक्सपायर झालंय हे बऱ्याचदा तिथेच लिहिलेलं असतं आणि कोणी ते वाचत नाही.

आता मुख्य काम. पोस्टमनमध्ये खालच्या पट्टीवरचा कन्सोल (गेलेल्या-आलेल्या रिक्वेस्टची नोंद दाखवणारी खिडकी) उघडा, विंडोजवर कंट्रोल-ऑल्ट-सी दाबलं तरी उघडतो, आणि रिक्वेस्ट परत पाठवा. कन्सोलमधल्या त्या ओळीवर क्लिक करून रिक्वेस्ट हेडर्स उघडा, इथे दिसतं ते खरं गेलेलं असतं. ऑथरायझेशन हेडर आहे का? नसेल तर बहुतेक ऑथरायझेशन टॅबमध्ये 'इनहेरिट ऑथ फ्रॉम पॅरेंट' (वरच्याचंच ऑथ वापरा) निवडलेलं असणार आणि वरच्या फोल्डरला किंवा कलेक्शनला (रिक्वेस्टच्या गठ्ठ्याला) ऑथ लावलेलंच नसणार. हेडर आहे पण त्यात टोकनच्या जागी दुहेरी महिरपी कंसातलं व्हेरिएबलचं नाव जसंच्या तसं गेलंय? मग एन्व्हायर्नमेंट (व्हेरिएबलच्या किमती साठवलेला संच) निवडलेलं नाही, किंवा नावात स्पेलिंग चुकलंय. मी स्वतः यात एक अख्खी दुपार घालवलीये, सर्व्हरचे लॉग चाळत बसलो होतो आणि वरच्या कोपऱ्यात 'नो एन्व्हायर्नमेंट' लिहिलेलं होतं. अजून एक नेहमीचं म्हणजे ऑथचा बेअरर टोकन प्रकार निवडल्यावर बेअरर हा शब्द पोस्टमन स्वतः लावतो, आपण टोकनसोबत तोही पेस्ट केला की तो दोनदा जातो आणि सर्व्हर नाकारतो. शेवटी आलेली स्पेस किंवा नवीन ओळ पण बघा, कॉपी-पेस्टमध्ये ती हमखास येते.

हेडर बरोबर असेल तर टोकन उघडून बघायचं. दोन टिंबांनी तीन भागात तुटलेलं असेल तर ते बहुतेक जेडब्ल्यूटी (जेसन वेब टोकन, आत माहिती असलेला टोकनचा प्रकार) आहे, मधला भाग फक्त बेस६४ यूआरएल एन्कोडिंगमध्ये असतो, म्हणजे लपवलेला नसून नुसता वेगळ्या अक्षरांत लिहिलेला, म्हणजे सही असलेलं साधं टोकन कोणीही वाचू शकतं, म्हणून चालू टोकन अनोळखी वेबसाइटवर टाकू नका, आपल्याच मशीनवर डिकोड करा. त्यात एक्सपायरीची वेळ सेकंदात असते, सध्या हा आकडा १० अंकी येतो, १३ अंकी दिसला तर टोकन बनवणाऱ्याने मिलिसेकंद टाकलेत. ऑडियन्स (टोकन कोणासाठी आहे) आणि इश्युअर (कोणी दिलं) पण बघा, स्टेजिंगचं (चाचणीच्या सर्व्हरचं) टोकन प्रॉडक्शनला (खऱ्या सर्व्हरला) पाठवलेलं असतं बरेचदा. आपल्या मशीनचं घड्याळ चुकलेलं असेल तरी सही करून जाणाऱ्या रिक्वेस्ट नाकारल्या जातात, अॅमेझॉनची फाइल साठवायची सेवा एसथ्री तर १५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही.

टोकनऐवजी बेसिक ऑथ (युजरनेम-पासवर्डचा प्रकार) असेल तर युजरनेम, कोलन, पासवर्ड हे एकत्र बेस६४ केलेलं असतं. टर्मिनलमध्ये इको कमांड वापरून हे हाताने बनवलं की शेवटी नवीन ओळ चिकटते आणि पासवर्ड चुकीचा ठरतो.

आणि रीडायरेक्ट! हे लवकर लक्षात येत नाही. पत्ता दुसऱ्या होस्टवर वळवला गेला की ऑथरायझेशन हेडर सुरक्षेसाठी गाळला जातो, पोस्टमन आणि कर्ल (टर्मिनलमधून रिक्वेस्ट पाठवायचं टूल) दोन्ही डीफॉल्टला असंच करतात. रिक्वेस्टच्या सेटिंग्जमध्ये आपोआप रीडायरेक्ट फॉलो करणं बंद करा, ३०१ किंवा ३०७ (पत्ता दुसरीकडे वळवल्याचे कोड) आला तर लोकेशन हेडरमधला पत्ता घेऊन थेट तोच वापरा.

पोस्टमनमध्ये चालतंय पण कोडमधून नाही, असं असेल तर उजवीकडच्या कोड बटणावरून कर्ल कमांड घ्या, व्हर्बोज (सगळा तपशील दाखवणाऱ्या) मोडमध्ये चालवा आणि तुमचा कोड पाठवतो ते हेडर्स शेजारी ठेवून ओळीला ओळ ताडून बघा. ब्राउझरमध्येच अडत असेल तर डेव्हलपर टूल्सच्या नेटवर्क टॅबमध्ये ऑप्शन्स रिक्वेस्ट शोधा, ही प्रीफ्लाइट, म्हणजे खऱ्या रिक्वेस्टआधी ब्राउझर परवानगी विचारायला पाठवतो ती, टोकन घेऊन जातच नाही, त्यामुळे सर्व्हर तिच्याकडेही टोकन मागत असेल तर तिथेच ४०१ येतो आणि दुरुस्ती सर्व्हरवर करावी लागते.

एवढं करूनही सुटलं नाही तर एपीआयवाल्या टीमला वेळ, पत्ता, स्टेटस कोड आणि रिस्पॉन्समध्ये रिक्वेस्ट आयडी असेल तर तो पाठवा, टोकनचे शेवटचे चार अक्षर सोडून बाकी सगळं झाकून. चुकून पूर्ण टोकन स्क्रीनशॉटमध्ये गेलंच तर ते लगेच रद्द करून नवीन घ्या.