मनालीला बर्फ बघायला जाताय? आधी हे बघा

डिसेंबर-जानेवारीत मनाली किंवा शिमल्याला जाणार असाल तर फोनमधल्या अ‍ॅपवर पंधरा दिवस आधी बर्फाचं चिन्ह दिसलं म्हणून तिकिटं काढू नका, एवढ्या लांबच्या अंदाजात काही दम नसतो. तिकडे हिवाळ्यातला बर्फ मुख्यतः वेस्टर्न डिस्टर्बन्समुळे पडतो, म्हणजे भूमध्य समुद्राकडून इराण-अफगाणिस्तानवरून येणाऱ्या पाऊस-बर्फाच्या सिस्टिम्स, आणि त्या नक्की कधी पोचणार हे साधारण चार-पाच दिवस आधीच नीट कळतं. त्यामुळे निघायच्या आठवड्यात हवामान खात्याच्या शिमला केंद्राचं बुलेटिन रोज बघा, जिल्ह्यानुसार यलो-ऑरेंज अलर्ट असतात.

अजून एक, उंची बघाच! मनाली साधारण २००० मीटरवर, त्याच्या पुढचा डोंगरातला बोगदा अटल टनेल ३००० च्या वर, आणि दर हजार मीटरला तापमान साधारण ६ डिग्रीने उतरतं, म्हणून गावात नुसता पाऊस असताना वर मस्त बर्फ पडत असतो.

ऑरेंज अलर्ट असेल तर हॉटेलातच थांबा प्लीज. आणि बर्फ थांबून छान ऊन पडलं तरी पहाटे गाडी काढू नका, रात्रीत रस्त्यावर पातळ बर्फ गोठतो, तो दिसत नाही आणि गाडी सरळ घसरते.