कुत्र्याला घेऊन सहकुटुंब बागेत निघालात? या चुका टाळा

मे महिन्यातली गोष्ट. घरी पाहुणे आले होते, बागेत जाऊन भेळ खायचा बेत ठरला आणि चार वाजताच आम्ही निघालो. रत्नागिरीत आमच्या घरापासून बाग पाचच मिनिटांवर आहे. मोत्यालाही घेतलं. फाटकापासून झोपाळ्यांपर्यंतची वाट जांभ्याच्या चिऱ्यांची. दहा-बारा पावलांतच मोत्या एकेक पाय उचलून नाचल्यासारखं करायला लागला. मुलं हसली, मीही हसलो. मग तो मध्येच बसला. जीभ पार लोंबलेली, लाळ घट्ट तारेसारखी. तेव्हा मी वाकून चिऱ्यावर हात ठेवला आणि चटका बसून मागे घेतला.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून तोंडातली ओल वाळवायची, तेवढाच गारवा त्याला मिळतो. आपल्या किनाऱ्यावर हवाच इतकी दमट की ती ओल नीट वाळत नाही. म्हणून ‘आज तर ३३च आहे’ या हिशेबावर जाऊ नका. घाटावर त्याच ३३ अंशांत कुत्रा एकवेळ तग धरेल, इथे तो आडवा होईल. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर जास्तच त्रास. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत नाहीतर सूर्य बुडाल्यावर जा. आणि निघण्याआधी हाताची मागची बाजू जमिनीवर टेकवून सात आकडे मोजा. तुम्हाला सोसवलं नाही, तर त्याच्या तळव्यांनाही सोसवणार नाही.

तरीही ऊन बाधलंच तर सावलीत न्या, पोटावर, जांघेत, पायांवर साधं पाणी ओता आणि वारा घाला. बर्फ नको. पाणी घोट-घोट प्यायला द्या, तोंडात ओतू नका. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, ४१च्या पुढे गेलं की जिवावर बेततं. झोकांड्या जात असतील, उलटी होत असेल, तर अंग भिजवत भिजवतच डॉक्टरकडे न्या.

त्या दिवशी आम्ही पाच मोठी माणसं होतो. प्रत्येकाला वाटलं, दुसरं कुणीतरी मोत्याकडे बघतंय. सहकुटुंब निघताना होणारी मूळ चूक माझ्या मते हीच. आता घरातून निघतानाच ठरतं, आज साखळी कुणाची. ज्याची साखळी, त्याच्याकडे खाऊची पिशवी नाही, धाकटीचं बोट नाही, मोबाईलही नाही. मुलं हट्ट करतातच, ‘मी धरतो, मी धरतो’. पण वीस-पंचवीस किलोच्या कुत्र्याला मांजर दिसलं, तर आठ वर्षांचं पोर त्याच्यामागे फरफटत जातं. द्यायचीच असेल तर दुसरी दोरी जोडून द्या, मुख्य साखळी मोठ्याच्याच हातात. ओढणाऱ्या कुत्र्याला गळपट्ट्यापेक्षा छातीचा हार्नेस बरा.

‘तो काही करत नाही हो!’

हे वाक्य मी स्वतः शंभरदा म्हटलं असेल, आता म्हणत नाही. बाकावर बसलेल्या आजींना तुमचा कुत्रा ठाऊक नाही. तो प्रेमानेच अंगावर उडी मारेल, पण सत्तरीच्या बाईचा तोल जायला तेवढं पुरतं. समोर कुणी दचकलं की आपण साखळी आखूड करून बाजूला व्हायचं, त्यांना समजावत बसायचं नाही. आणि मुळात बागेत कुत्र्याला परवानगी आहे का, हे फाटकावरच्या पाटीवर बघा, नाहीतर राखणदाराला विचारा. नसेल, तर वाद न घालता सकाळी लवकर भाट्याच्या समुद्रकिनाऱ्यावर जा. परवानगी असलेल्या बागेतही मुलांच्या घसरगुंडीजवळ कुत्रा नको.

शी उचलायची लाज वाटते म्हणून कितीतरी जण वाळू किंवा पालापाचोळा सारून पुढे जातात. हे फार वाईट. कुत्र्याच्या पोटातल्या अंकुशकृमीची अंडी आपल्या उबदार, ओलसर मातीत छान वाढतात, आणि त्यांच्या अळ्या अनवाणी खेळणाऱ्या पोरांच्या तळव्यांतून कातडीत शिरतात. मग पायावर लाल, वेडीवाकडी, खाजरी रेघ उठते. रद्दीचा कागद आणि पिशवी खिशात ठेवा, जंताचं औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळच्या वेळी द्या.

खाण्याच्या चुका बहुतेक लाडातून होतात. भेळेत कांदा असतो, तो कुत्र्याच्या रक्ताला घातक. चॉकलेट, द्राक्षं, मनुका तर अजिबात नकोत. पण कोकणात सगळ्यात फसवी वस्तू म्हणजे आंब्याची कोय. आमच्या आळीतल्या एका कुत्र्याने बागेत कुणी टाकलेली कोय अख्खी गिळली. दोन दिवस तो उलट्या करत होता, घरच्यांना वाटलं पित्त झालं. शेवटी पोट फाडून ती काढावी लागली. गुळगुळीत, चोखून पांढरी पडलेली कोय, आतड्यात बूच बसवल्यासारखी. गिळताना दिसली तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, त्या मिठानेच विषबाधा होऊ शकते. लगेच डॉक्टर गाठा.

फाटकाशी गाडीवाल्यांजवळ भटकी कुत्री असतात. ती त्यांची हद्द. ती भुंकली की आपण घाबरून साखळी ताणतो, आणि त्या ताणानेच आपलं कुत्रं चवताळतं. दगड मारू नका, पळू नका, लांबून वळसा घाला. मुलांना आधीच शिकवून ठेवा: कुत्रं अंगावर आलं तर झाडासारखं उभं राहायचं, हात छातीशी, नजर खाली. जुंपलीच तर मध्ये हात घालू नका, पाण्याची बाटली त्यांच्या अंगावर रिकामी करा.

कुणाला चावा किंवा ओरखडा बसला, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पूर्ण १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा. मिरचीपूड, चुना, हळद काही लावू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. दंडात घ्यायची रेबीजची इंजेक्शनं साधारणपणे ०, ३, ७, १४ आणि २८व्या दिवशी असतात. दोन घेतली, जखम भरली, आता कशाला, असं म्हणून थांबू नका. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

पावसाळ्यात बागेतल्या डबक्यांचं पाणी पिऊ देऊ नका. उंदरांच्या मुतातून त्यात लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचे) जंतू येतात आणि कुत्र्याकडून ते घरातल्यांनाही होऊ शकतात. लेप्टोची लस दरवर्षी द्या. भेक (खरखरीत कातडीचा बेडूक) तोंडात धरून फेस आला, तर ओल्या फडक्याने हिरड्या पुसून काढा. कडेच्या गवतात नाक खुपसू देऊ नका, आपल्या कातळावर फुरसं, म्हणजे विषारी साप, असतं.

घरी आलात की आत घेण्याआधी पडवीतच बोटांच्या बेचक्या, कानांच्या मागे आणि शेपटीखाली चाचपा. गोचीड सापडली तर रॉकेल किंवा पेटती उदबत्ती नको. चिमट्याने अगदी कातडीलगत धरायची, सरळ, हळू ओढायची आणि साबणाच्या पाण्यात टाकायची.