मक्याला बाजरीची जोड आणि फायटेजचा हिशेब

ब्रॉयलर कोंबडीपालनातील सर्वांत मोठा खर्च खाद्याचा असतो, त्यामुळे मक्याचा भाव चढला की नफा तिथेच आटतो. करारावर पक्षी वाढवणाऱ्यांना खाद्य कंपनीकडून मिळते. स्वतः खाद्य दळून मिसळणाऱ्या सांगली जिल्ह्यातील शेतकऱ्याने मात्र जत-आटपाडीकडे पिकणाऱ्या बाजरीचा विचार अवश्य करावा. बाजरीत साधारण ११ ते १२ टक्के प्रथिने असतात, म्हणजे मक्यापेक्षा अधिक. ऊर्जा थोडी कमी पडते, ती तेलाने भरून काढावी. पहिल्या दहा दिवसांचे खाद्य बदलू नये. त्यानंतर चार-पाच दिवसांत हळूहळू वाढवत मक्याचा निम्म्यापर्यंतचा वाटा बाजरीला देता येतो. पाय आणि कातडीचा पिवळेपणा मक्यातील रंगद्रव्यांमुळे येत असल्याने तो कमी होईल, हे व्यापाऱ्याला आधीच सांगावे. अरगट (कणसावरचा बुरशीजन्य रोग) लागलेली किंवा बुरशीचा वास येणारी बाजरी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

खरी चूक होते ती विकरांच्या (पचनाला मदत करणाऱ्या एन्झाइम्सच्या) बाबतीत. धान्य आणि पेंडीतील सुमारे दोन तृतीयांश स्फुरद (फॉस्फरस) फायटेटच्या रूपात अडकलेले असते व कोंबडीला ते फारसे पचत नाही. फायटेज हे विकर ते मोकळे करते. परंतु डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट, खाद्यात स्फुरदासाठी घालायची खनिज पूड) पूर्वीइतकेच ठेवून वरून फायटेज घातले, तर केवळ खर्च वाढतो. प्रतिकिलो खाद्यात ५०० एककांची मात्रा दिल्यास उपलब्ध स्फुरद ०.१ टक्क्याने कमी धरता येते, म्हणजे टनामागे सुमारे साडेपाच किलो डीसीपी वाचते. पाकिटावर प्रतिग्रॅम ५००० एकके लिहिली असतील, तर टनाला १०० ग्रॅम पुरतात. इतकी अल्प पूड थेट मिक्सरमध्ये टाकू नये; आधी पाच-दहा किलो भरड्यात नीट कालवून घ्यावी. शिंपल्यांची पूड मात्र वाढवू नये, कारण जादा कॅल्शियम फायटेजच्या कामात अडथळा आणते. खाद्याच्या गोळ्या करवून घेत असाल, तर उष्णता सोसणारेच विकर मागावे, कारण साधे विकर वाफेच्या उष्णतेत निकामी होते.

तांदळाचा कोंडा वापरणाऱ्यांनी झायलेनेज हे कोंड्यातील तंतू पचवणारे विकरही घालावे, अन्यथा विष्ठा चिकट होऊन लिटर (शेडमध्ये पसरलेला तुसाचा थर) ओले राहते. पहिल्या खेपेला शेडचा एकच भाग नव्या खाद्यावर ठेवावा आणि दोन्ही भागांतील प्रतिकिलो वजनवाढीचा खाद्यखर्च मांडावा. नव्या खाद्याच्या भागात पक्षी लंगडू लागले, तर डीसीपीची कपात ताबडतोब थांबवून खाद्याचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा.