एक वजन पकडा : वसाहतींच्या काळातली चांदीची नाणी कशी जमवायची

चांदीची जुनी नाणी जमवायला बसलेले नवीन लोक दिसेल ते उचलतात, मग डबा भरतो पण संग्रह काही होत नाही. मी सगळ्यांना एकच सांगतो, एक वजन पकडा. ब्रिटिश इंडियाचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोब्बर जुना एक तोळा, चांदी ९१.७ टक्के. हा रुपया समुद्रापार इतका चालायचा की बाकीच्यांनी पण त्याच मापाची नाणी पाडली, पोर्तुगीजांनी गोव्यासाठी १८८१ ला, जर्मनांनी पूर्व आफ्रिकेसाठी १८९० पासून, इटालियन लोकांनी सोमालियासाठी १९१० पासून. राजे वेगळे, लिपी वेगळी, पण काट्यावर सगळे सारखे. चारही शेजारी-शेजारी ठेवून पहा बाप्पा, अंगावर काटा येतो!

सुरुवात आपल्या नागपूरच्या इतवारीतल्या सराफ्यातून करा, पंचम जॉर्जचा रुपया घ्या. तिथे भाव ग्रॅममधे विचारा, कारण आताचा तोळा १० ग्रॅमचा आहे आणि त्यात हिशोब चुकतो. १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्मीच आहे हे पण ध्यानात ठेवा. कडेला डाक दिल्याची, म्हणजे धातू वितळवून कडी जोडल्याची, खूण आहे का पहा, पुष्कळ रुपये माळेत ओवलेले असतात, असं नाणं स्वस्तच मिळायला पाह्यजे.

नकली ओळखायला चुंबक पुरत नाही, पितळ पण चिकटत नाही नं. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या, पहिले नाणं कोरडं मोजा, मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा आणि नाणं दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून अधांतरी धरा, तळाला टेकू देऊ नका. १९४० च्या आधीच्या खऱ्या रुपयाला आकडा १.१३ ग्रॅमच्या आसपास येते, पितळेचं तेवढ्याच वजनाचं असेल तर १.३५ च्या वर जाते. चांदीचीच नक्कल असेल तर मात्र ही युक्ती चालत नाही, तेव्हा अक्षरं आणि कडेचे दाते खऱ्या नाण्याशी ताडून पहा.

आणि हात जोडून सांगतो, चिंच, रांगोळी, पितांबरी काहीच लावू नका. तो काळपटपणा शंभर वर्षांत चढलेला असतो, घासला की नाण्याची किंमत पण गेली आणि चेहरा पण गेला. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात ठेवलं तर हिरवा चिकट थर येतो, मायलरचं, म्हणजे कडक पारदर्शक पॉलिस्टरचं, पाकीट घ्या.

शंभर वर्षांवरचं नाणं कायद्याने पुरावस्तू आहे, ते देशाबाहेर नेता येत नाही, म्हणून भाचा अमेरिकेत असला तरी त्याच्या बॅगेत द्यायचं नाही.