टेलनेट अजून चालू असेल तर आजच बंद करा, कसं ते सांगतो

लातूरचे क्लासेस घ्या, नाहीतर जालन्याच्या मोंढ्यातली आडत, सगळीकडं कॅमेऱ्याचे डीव्हीआर अन् जुने राऊटर-स्विच लागलेत, बसवणारा एकदा बसवून गेला की पुन्हा कोणी त्यात डोकावत नाही आणि आत टेलनेट, म्हणजे लांबून त्या डब्यात लॉगिन करायची जुनी पद्धत, तशीच चालू राहतेय.

टेलनेटचं स्टँडर्ड १९८३ चं, त्यात पासवर्ड झाकायची सोयच नाही. पटत नसेल तर वायरशार्क (नेटवर्कवरून काय जातंय ते दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू करून आपल्याच स्विचवर टेलनेटनं लॉगिन करा अन् फॉलो टीसीपी स्ट्रीम दाबा. युजरनेमचं एकेक अक्षर दोनदोनदा दिसेल, कारण पलीकडचं मशीन ते परत पाठवतंय, पासवर्ड मात्र एकदाच पण सरळ वाचता येतो. हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात असेच पासवर्ड चोरले गेले म्हणून तर १९९५ ला तिथल्या ताटू युलोनेननं एसएसएच बनवलं, म्हणजे तेच लांबून लॉगिन, पण सगळं झाकून पाठवणारं. लांबून लॉगिनचे आरलॉगिन अन् आरएसएच हे जुने प्रकार पण टेलनेटच्याच लायकीचे, ते तर नुसता आयपी ओळखीचा दिसला की विनापासवर्ड आत घेतात.

आता काम. आधी एनमॅपनं (कुठले पोर्ट, म्हणजे आत यायचे नंबरी दरवाजे, उघडे आहेत ते शोधणारं सॉफ्टवेअर) फक्त आपल्याच नेटवर्कवर टेलनेटचे २३, २३२३ अन् आरलॉगिन-आरएसएचचे ५१३, ५१४ हे पोर्ट तपासा. राऊटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरच्याला आतल्या डब्यापर्यंत दिलेली वाट, पण बघा, कारण २०१६ चा मिराई व्हायरस बाहेरून २३ अन् २३२३ वरच यायचा आणि कंपनीचेच साठेक डिफॉल्ट पासवर्ड लावून बघायचा, लाखो डबे त्यात गेले.

मग एसएसएच चालू करा. सिस्कोचा स्विच असेल तर होस्टनेम अन् डोमेननेम द्या, २०४८ बिटची आरएसए की बनवा, व्हर्जन २ च ठेवा, पहिलं व्हर्जन फुटलेलं आहे. टेलनेट लगेच बंद करू नका! दुसऱ्या विंडोतून एसएसएचनं लॉगिन होतंय का बघा, मगच व्हीटीवाय लाईनवर (लांबून लॉगिनची सेटिंग) ट्रान्सपोर्ट इनपुट फक्त एसएसएच करा अन् सेव्ह करा, नाहीतर स्विच उदगीरला अन् तुम्ही संभाजीनगरला, स्विचला थेट जोडायची कन्सोल केबल घेऊन पळावं लागतंय.

पासवर्ड बदला, पण एसएसएच झाल्यावरच, आधी बदलला तर नवा पण उघडाच जातो.

डब्यात एसएसएच नसेलच तर फर्मवेअरचं (डब्यातल्या सॉफ्टवेअरचं) नवं व्हर्जन बघा, तरी नाही जमलं तर त्याला वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच स्विचवर वेगळं पाडलेलं नेटवर्क) टाका, बाहेरून बघायचं तर व्हीपीएननंच (झाकलेल्या खासगी जोडणीनं), अन् पुढच्या खरेदीत तो डबा आधी बदला.